खाजेची वही

साळवे डॉक्टर कुत्र्याला आधी हुंगतात. कुत्रं त्यांना हुंगायला नाक पुढे करतं, तोवर डॉक्टरांनी खाली बसून त्याचा कान उलटा केलेला असतो आणि त्यात स्वतःचं नाक घातलेलं असतं. कुत्री चकित होतात. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्याआधी ओळख करून घेतलेली असते.

यंदाच्या पावसाळ्यात हे हुंगणं अडीच महिने बंद होतं. डॉक्टरांनी घराच्या खांबाला पुठ्ठा टांगला होता, 'कुत्री पाहणे बंद आहे.' का बंद, याचं कारण घोडेगावात जो तो वेगळं सांगायचा. कोणी मोतीबिंदू म्हणे, कोणी म्हणे मुलीकडे राहायला चाललेत. खरं कारण मी होतो. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी अडीच महिने गप्प बसलो. पुढचं सगळं सांगण्याआधी एवढं कबूल करतो.

मी जोशी. सोनईच्या शाळेत इतिहास शिकवतो. साळवे डॉक्टर घोडेगावचे. जन्मभर सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली. गाई, म्हशी, शेळ्या, बाजाराच्या दिवशी तर रांगच लागायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकदम कुत्री धरली, आणि त्यातही खाजणारी कुत्री. लोकांनी विचारलं, डॉक्टर, हे काय नवीन? तर म्हणाले, "गाय दूध देते म्हणून तिला डॉक्टर मिळतो. कुत्रं काय देतं? नुसतं खाजवतं. त्याला कोण विचारतो?"

त्यांच्या नाकाची ख्याती खरी आहे. कानाला आंबलेल्या पिठाचा वास आला तर एक औषध, साठवणीच्या चाळीत सडलेल्या कांद्याचा आला तर दुसरं. मग त्या कानातलं काडीवर घेऊन काचेवर लावतात आणि जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बघून झालं की नाकाकडे बोट करून म्हणतात, "यानं आधीच सांगितलं होतं. काच आपली सहीपुरती."

त्यांच्या खिशात कायम सहा पांढरे रुमाल असतात. एकदा उसाच्या ट्रकांचे एक मालक मोठा अल्सेशियन घेऊन आले. डॉक्टरांनी पिसवांचं नाव काढताच ते दुखावले. आमच्या घरात पिसवा? अहो, फरशी आहे, दिवसातून दोनदा पुसतो. डॉक्टरांनी वाद घातला नाही. एक रुमाल ओला करून कुत्र्याखाली अंथरला आणि शेपटीच्या मुळाशी बारीक कंगवा फिरवला. मिरपुडीसारखे काळे कण रुमालावर पडले आणि बघता बघता त्यांच्याभोवती लाल डाग पसरले. "हे तुमच्या कुत्र्याचं रक्त," डॉक्टर म्हणाले. "पिसवेच्या पोटातून बाहेर आलेलं. फरशी छान असेल तुमची. पिसवांनाही आवडली."

'वगळा' हा त्यांचा आवडता शब्द. खाजेला शंभर कारणं, म्हणून आधी वगळायचं, मग ठरवायचं. आधी पिसवा वगळा, मग खरजेचे किडे वगळा, मग खाणं वगळा, आणि शेवटी जे उरेल त्याच्याशी जन्मभर जमवून घ्या. ही पद्धत ते स्वतःवरही चालवतात. एकदा त्यांची पाठ खाजू लागली. त्यांनी दूध सोडलं, शेंगदाणे सोडले, वांगं सोडलं, आठ आठवडे ज्वारीची भाकरी आणि मुगाच्या वरणावर काढले. अखेर सापडलं. नव्या बनियनचं लेबल. हे ते स्वतःच हसत सांगतात आणि वर म्हणतात, "पण वांगं निर्दोष सुटलं की नाही?"

दुसरा त्यांचा शब्द, 'दहापैकी किती?' खाज किती, असं विचारलं की माणसं 'लई' म्हणतात. लई हा आकडा नव्हे. म्हणून दहापैकी. ही सवय इतकी जडली आहे की लग्नात ते वधूपित्याला गाठून विचारतात, दमलात का, दहापैकी किती? एसटीची वाट बघणाऱ्यालाही विचारतात. माणसं आधी हसतात आणि मग खरंच विचार करून आकडा सांगतात. मला वाटतं, आपल्याला किती दुखतंय हे इतक्या नेमकेपणानं कोणी विचारलेलंच नसतं.

त्यांच्याकडे येणारा प्रत्येकजण आधी सुई मागतो. "डॉक्टर, एक सुई मारा की, रातभर झोपू देत न्हाई." डॉक्टर त्याला बसवतात. नोकरीत असताना ती सुई त्यांनी हजारदा मारली होती. दोन-तीन आठवडे कुत्रं गप्प, मालक खूष, आणि मग पुन्हा तेच. "सुई पाप नाही," ते सांगतात. "कधी कधी मीही देतो. पण तिनं खाज झोपवली की चोर कोण ते कळत नाही. घरातले सगळे झोपलेत आणि चोर धान्य नेतोय, तसं होतं."

मग ते चोर पकडायची वही देतात. शंभर पानी, साधी. रोज संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी लिहायची. तारीख, दहापैकी खाज, कुत्र्यानं काय खाल्लं, कुठं झोपलं, आणि शेवटचा रकाना 'घरात'. घरात काय शिजलं, कोण आलं, कोण गेलं, कोण भांडलं. कुत्र्याच्या खाजेत घराचं काय काम, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, कुत्रं जिथं राहतं तिथंच त्याची खाज राहते, घर वगळून ती सापडत नाही.

दर रविवारी नुसती वही आणायची, कुत्रं घरीच ठेवून. डॉक्टर ओळीखाली बोट धरून ती मोठ्यानं वाचतात, ओट्यावर बसलेल्या सगळ्यांसमोर. "सासूबाई रुसल्या, खाज सहा." "पाहुणे उठेनात, खाज सात." एका शेतकऱ्यानं लिहिलं होतं, "कांदा गेला न्हाई. खाज पाच. माझी धरून आठ." ओटा हसतो, डॉक्टर हसत नाहीत. ते पान उलटतात.

आमच्या ढब्बूला मी माघात त्यांच्याकडे नेलं. ढब्बू लॅब्रॅडॉर, पुण्याच्या भाच्यानं हौसेनं आणला आणि बदली झाल्यावर आम्हाला दिला. पंजे चाटून चाटून त्यानं लाल केले होते, पोटावरचे केस गेले होते. डॉक्टरांनी कान हुंगला, रुमाल पसरला, कातडी खरवडून काचेखाली पाहिली. पिसवा वगळल्या, किडे वगळले. मग ढब्बूनं जन्मापासून काय काय खाल्लंय ते विचारलं. मी सांगत गेलो, दूधपोळी, दहीभात, शिरा, नैवेद्याचं पुरण. यादी संपल्यावर ते म्हणाले, "आता यानं कधीच खाल्लं नाही असं काहीतरी हवं. मासा आणि रताळं. आठ आठवडे. मीठ नाही, हळद नाही, पाण्याशिवाय दुसरं काही नाही."

आमच्या घरात सात पिढ्यांत मासा शिजला नव्हता. सुनंदा, माझी पत्नी, शांतपणे म्हणाली, "शिजवा. पण माझ्या गॅसवर नाही, आणि ते भांडं माझ्या मोरीत यायचं नाही." मी परसात तीन विटा मांडल्या. धरणातला मासा आणला आणि पातेल्यात तसाच सोडला. शेजारच्या मोरेकाकू भिंतीवरून बघत होत्या. "सर, खवलं तरी काढा हो आधी," त्या म्हणाल्या. आठ आठवडे मी भिंतीपलीकडून स्वयंपाक शिकलो. या बाबतीत मी प्रामाणिक होतो, हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे प्रामाणिक राहिलो नाही.

घसरलो ते वहीत. पहिला आठवडा मी वही उघडलीच नाही. रोज संध्याकाळी काहीतरी निघायचं. शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत आठवड्याच्या टाचणवह्या पुऱ्या करताना आठवलं, उद्या रविवार. टाचण एका बैठकीत भरायची आम्हाला सवय असते. अंतर्गत गुणही तसेच भरतो. कोणाचं नुकसान होत नाही, अशी आमची समजूत. मी त्याच पेनानं ढब्बूचे सात दिवस भरले. आठ, आठ, सात, आठ, सात, सात, सहा. मधे एखादा आठ टाकला की खरं वाटतं, हे मला शिकवावं लागलं नाही. 'घरात' या रकान्यात काय लिहावं सुचेना, म्हणून सातही दिवस लिहिलं, 'विशेष नाही.'

रविवारी डॉक्टरांनी वाचलं. शेवटच्या सहावर त्यांचं बोट थांबलं. "उतरतीय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की त्या वेळी खरं सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी आयुष्यभर काठावरच्या मुलांना वाढीव गुण देत आलो. तसेच ते ढब्बूला दिले. पाच, पाच, चार. पुढे सात शनिवार तेच. एकही संध्याकाळ मी त्या कुत्र्याजवळ बसलो नाही.

मधल्या एका रविवारी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं बरं आहे ना, वहिनी बऱ्या आहेत ना. मी हो म्हणालो. त्यांनी परसातल्या शेवग्याच्या शेंगांची जुडी दिली, खास वहिनींसाठी. पुढच्या रविवारी पुन्हा दिली. सुनंदानं आमटी केली आणि म्हणाली, फार प्रेमळ दिसतात हो. मला त्या शेंगांचा अर्थ लागला नाही.

आठ आठवड्यांनी खरी परीक्षा होती. जुनं अन्न परत द्यायचं आणि खाज परतते का पाहायची. परतली तरच चोर अन्नातला. मी ढब्बूला दूधपोळी दिली, आणि उत्तर काय यायला हवं हे ठाऊक असल्यामुळे तेच लिहिलं. चार, पाच, सहा, आठ. डॉक्टर वाचता वाचता उठून उभे राहिले. दूध, ते म्हणाले, आणि माझा हात हातात घेतला. त्या वहीला त्यांनी खाकी कव्हर घातलं. नगरहून तरुण डॉक्टर भेटायला आले की ते तीच वही दाखवत. बघा, मालक असावा तर असा.

पावसाळा आला आणि ढब्बू अंग सोलून काढू लागला. दुधाचा थेंब बंद, मासा आणि रताळं चालूच, तरी पोट लाल, पंजे सुजलेले, कान गरम. मी त्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी कान हुंगला, मग दुसराही हुंगला.

"दूध दिलं?"

"नाही."

"चोरून कोणी? मोरेकाकू?"

"नाही डॉक्टर."

त्या दिवशी मी एक शब्दही खोटा बोललो नाही, आणि त्याच खऱ्यानं घात केला. डॉक्टर हळूहळू उठले. "मग आकडे बरोबर होते, वाचणारा चुकला," ते म्हणाले. त्यांनी कानाचं औषध दिलं, पुढच्या तपासणीसाठी नगरच्या एका तरुण डॉक्टरांचं नाव दिलं आणि माझी क्षमा मागितली. त्यांनी, माझी. तुमच्या मुक्या जिवाला चार महिने उगाच वनवास घडवला म्हणाले. पुढच्या रविवारी खांबाला पुठ्ठा होता.

नगरला मी ढब्बूला नेलं नाही. तिथं पहिला प्रश्न वहीचाच निघाला असता.

श्रावणात एकदा मी त्यांच्या घरावरून चाललो होतो. पुणतांब्याहून दोन एसट्या बदलून आलेली एक बाई ओट्याखाली उभी होती, पदरात गुंडाळलेलं छोटं कुत्रं घेऊन. डॉक्टर दारात उभे होते. औषध न्हाई तर न्हाई, ती म्हणत होती, "नुस्तं नाक तरी लावा, डॉक्टर. तेवढ्यासाठी आलेय." डॉक्टर म्हणाले, "नाक गेलं, बाई." त्यांनी तिला बसवलं, चहा दिला, नगरचा पत्ता लिहून दिला. पण कुत्र्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर हात आपोआप पुढे गेला असता. मी स्कूटर वळवली आणि घरी आलो.

त्या संध्याकाळी मी नवी वही घेतली आणि दिवा लावायच्या वेळी ढब्बूजवळ बसलो. पहिल्यांदाच बसलो. घड्याळ लावून मोजलं. तासाभरात त्यानं बावीस वेळा खाजवलं आणि दर वेळी माझ्याकडे बघून शेपटी हलवली. मी आठ लिहिले. आठ लिहायला फार वेळ लागला.

चौदा संध्याकाळी मी तसाच बसलो. 'घरात' या रकान्यातही लिहू लागलो. सुनंदानं अळूवड्या केल्या. सुनंदा माझ्यावर हसली. सुनंदानं ढब्बूचे पंजे धुतले आणि म्हणाली, तुम्ही हल्ली घरी असता. आठव्या दिवसानंतर आकड्यांत काहीतरी दिसू लागलं. पाऊस लागला की ढब्बू अडगळीच्या खोलीत जाऊन जुन्या कापसाच्या गादीवर झोपायचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी आठ, नऊ. उघडीप असली की अंगणातल्या फरशीवर. तेव्हा पाच, कधी चार. खाण्याचा काही संबंध दिसत नव्हता.

रविवारी वही आणि ढब्बू घेऊन मी घोडेगावला गेलो. शेवटच्या पानावर चार ओळी जास्त लिहिल्या होत्या, कारण तोंडानं बोलता येणार नाही हे मला माहीत होतं.

डॉक्टर ओट्यावर एकटे बसले होते. समोर चहा आणि एक जुनी वही. मागे घरातलं कपाट उघडं होतं, वरपासून खालपर्यंत वह्या. मी नमस्कार केला. ते म्हणाले, या, चंपी वाचतोय. चंपी कोण, मी विचारलं. पुणतांब्याची एक कुत्री, जाऊन तीन वर्षं झाली. रोज चहाबरोबर एक पान वाचतो.

"मुलगी वर्षातून एकदा येते," ते म्हणाले. "घरात मी एकटाच. पण या वह्यांत रोज कोणाकडे तरी भाजी शिजते, कोणी तरी रुसतं. बरं वाटतं." मग जरा थांबून म्हणाले, "तुमची वही मात्र वाचवत नाही, सर. साठ दिवस नुसतं 'विशेष नाही.' मला वाटायचं, या घरात कोणी कोणाशी बोलत नसावं. म्हणून त्या शेंगा."

मी नवी वही पुढे केली. कुत्री बंद आहेत, ते म्हणाले. नुसतं वाचा, मी म्हणालो.

त्यांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि वाचू लागले. ओट्यावर ऐकायला ढब्बू आणि मीच होतो. अळूवड्यांपाशी त्यांनी हूं केलं. सुनंदाच्या हसण्याची ओळ दोनदा वाचली. नवव्या दिवशी आवाज बदलला. बोट मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. "गादी," ते म्हणाले. "जुनी आहे? कापसाची? ओल येते खोलीत?" मी मान हलवली. ते खाली उतरले, गुडघ्यावर बसले आणि ढब्बूचा कान उलटा करून त्यात नाक घातलं. ढब्बूनं त्यांचं कपाळ चाटलं.

"आंबलेलं पीठ," ते म्हणाले. "ते वरचं, औषधानं जाईल. पण मूळ धुळीत आहे, गादीतल्या न दिसणाऱ्या किड्यांत. बरा व्हायचा नाही हा, सर. सांभाळायचा. गादी टाका, आठवड्याला अंघोळ, कान पुसायचे, लागली तर गोळी. आणि वही." बोलताना ते दहा वर्षांनी लहान दिसत होते. मग एकदम थांबले. "पण खाणं नव्हतंच, तर पहिल्या वहीत खाज उतरली कशी?"

मी शेवटच्या पानाकडे बोट केलं.

त्यांनी ते वर घेतलं, तोंड उघडलं आणि पहिल्या दोन शब्दांनंतर मिटलं. बाकीचं डोळ्यांनी वाचलं असावं. मग त्यांनी वही माझ्यासमोर धरली.

"हे तुम्ही वाचा," ते म्हणाले. "मोठ्यानं. इथली तीच पद्धत आहे."

मी वाचू लागलो. ओळीखाली बोट त्यांनी धरलं होतं.

"मागची वही खोटी आहे. आकडे मी शाळेत बसून, दर शनिवारी, कुत्र्याकडे न बघता भरले. डॉक्टर, तुमचं नाक कधीच चुकलं नव्हतं, मी चुकलो. ढब्बूची माफी मी रोज मागतो, तुमची आज मागतोय. मला माफ करा."